रिव्हॉल्व्हर, निकेल मुलाम्याचे जुने : ओळख व मूल्यनिर्धारण

कोटाच्या खिशात किंवा प्रवासी पेटीत सहज मावेल अशा बेताने बनविलेले, पोलादी वा लोखंडी अंगावर निकेलाचा पांढरट मुलामा दिलेले व फिरत्या दंडगोलात साधारणतः पाच काडतुसे भरण्याची सोय असलेले लहान अग्निशस्त्र. अशा रिव्हॉल्व्हरांचे उत्पादन मुख्यत्वे १८७० ते १९४० या काळात अमेरिकेची संयुक्त संस्थाने, बेल्जियम व इंग्‍लंड या देशांत झाले. त्यांच्या नळीची लांबी सामान्यतः ५ ते ९ सेंमी. व वजन सु. ३५० ते ५५० ग्रॅ. असते. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यासारख्या लष्करी छावणी व जुनी घराणी असलेल्या शहरात, वाड्यातील लोखंडी पेटीत, दिवंगत व्यक्तीच्या सामानात किंवा वाटणीच्या वेळी अशी शस्त्रे अधूनमधून आढळतात. त्या वेळी वारसांपुढे तीन प्रश्न उभे राहतात : वस्तू नेमकी कोणती, ती जवळ ठेवता येते काय आणि तिचे मोल किती. हे तिन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. वस्तूची ओळख पटल्याशिवाय कायद्यातील तिचे स्थान ठरत नाही आणि ते स्थान ठरल्याशिवाय मूल्याला अर्थ राहत नाही. मूल्य ठरते ते मुलाम्याच्या चकाकीवरून नव्हे, तर शस्त्रावर व त्याच्या कागदपत्रांत शिल्लक राहिलेल्या पुराव्यावरून. म्हणून हा पुरावा पुसून टाकणारी कोणतीही दुरुस्ती वा साफसफाई मूल्य घटविते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सॅम्युएल कोल्ट यांना फिरत्या दंडगोलाच्या शस्त्राचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १८३६ मध्ये मिळाले. त्यांच्या आरंभीच्या शस्त्रांत दारू व गोळी समोरून स्वतंत्रपणे भरावी लागे. धातूच्या नळकांड्यात दारू, गोळी व पेटविणारे द्रव्य एकत्र असलेले काडतूस रूढ झाल्यावर खिशातील रिव्हॉल्व्हर खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये असे काडतूस वापरणारे पहिले लहान रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. आरपार छिद्रे असलेल्या दंडगोलाचे रोलिन व्हाइट यांचे १८५५ चे एकस्व या कंपनीच्या हाती होते. ते १८६९ मध्ये संपुष्टात येताच अनेक कारखाने या व्यवसायात उतरले. मॅसॅचूसेट्स राज्यातील हॅरिंग्टन अँड रिचर्डसन व आयव्हर जॉन्सन आणि कनेक्टिकट राज्यातील हॉपकिन्स अँड ॲलन हे त्यांपैकी प्रमुख होत. इंग्‍लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फिलिप वेब्ली यांनी १८७२ मध्ये आखूड नळीचे ‘ब्रिटिश बुलडॉग’ बाजारात आणले आणि बेल्जियममधील लीएझ शहरातील असंख्य लहान कारागिरांनी त्याच्या नकला केल्या. लीएझची शस्त्रे स्वस्त असत व पुष्कळदा त्यांवर निर्मात्याचे नावही नसे.

निकेलाचे विद्युत् विलेपन व्यापारी प्रमाणावर शक्य झाले ते याच सुमारास. अमेरिकेतील आयझॅक ॲडम्स यांनी निकेल व अमोनियम यांच्या संयुक्त सल्फेटाच्या द्रावणातून विलेपन करण्याच्या पद्धतीचे एकस्व १८६९ मध्ये घेतले. खिशातील शस्त्राला घाम लागतो आणि काळ्या दारूचा जळका अवशेष हवेतील ओलावा शोषून लोखंड गंजवितो. पारंपरिक निळसर छटेच्या अंत्यरूपापेक्षा निकेल हे दोन्ही अधिक चांगले सोसते. त्यामुळे स्वस्त खिसा-रिव्हॉल्व्हरांवर निकेल हाच नित्याचा मुलामा झाला. निकेलाचा मुलामा हे दुर्मिळतेचे वा राजेशाही मालकीचे लक्षण समजण्याची चूक अनेकदा होते, परंतु त्या काळी तो सर्वसाधारण ग्राहकाचा मुलामा होता.

पुण्यातील आढळ : १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांना अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपीयांना मात्र आरंभी नियमांन्वये सूट होती. पुणे व खडकी येथील छावण्या आणि गणेशखिंड येथील राज्यपालांचे पावसाळी निवासस्थान यांमुळे शहरात ब्रिटिश अधिकाऱ्यांचा सतत राबता असे. त्यांच्याखेरीज संस्थानिक, सरदार घराणी व सरकारी नोकरीतील वरिष्ठ भारतीय यांच्याकडेही परवान्यावर लहान शस्त्रे येत. कलकत्त्याच्या मँटन व रॉडा या पेढ्या किंवा मुंबईचे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स यांसारख्या विक्रेत्यांमार्फत परदेशी माल भारतात येई. अशा विक्रेत्याचे नाव काही वेळा नळीच्या माथ्यावर कोरलेले असते. ते निर्मात्याचे नाव नसून दुकानदाराचे असते, हे ध्यानात ठेवावे लागते.

पुण्याच्या राजकीय इतिहासातही लहान शस्त्रांना स्थान आहे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई इलाख्याचे हंगामी राज्यपाल हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या, पण ते बचावले. अशा घटनांमुळे घरात सापडलेल्या प्रत्येक जुन्या शस्त्राभोवती क्रांतिकारकांची आख्यायिका निर्माण होण्याची प्रवृत्ती दिसते. तिची पारख प्रथम शस्त्राच्या प्रकारावरून करता येते. उदा., २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले शस्त्र हे वि. दा. सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. ब्राउनिंग पिस्तुलात काडतुसे मुठीतील पेटीत असतात, त्यात फिरता दंडगोल नसतो. म्हणून दंडगोल असलेले एखादे शस्त्र ‘लंडनहून आलेल्या त्या पिस्तुलांपैकी’ म्हणून दाखविले जात असेल, तर तो दावा केवळ यांत्रिक रचनेवरून फेटाळता येतो.

प्राथमिक दक्षता : जुने शस्त्र रिकामे आहे असे कधीही गृहीत धरू नये. बहुतेक जुन्या खिसा-रिव्हॉल्व्हरांत घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते. कोठीत काडतूस असल्यास शस्त्र खाली पडताच ते उडू शकते. आयव्हर जॉन्सनच्या रचनेत घोड्याचा आघात एका मधल्या पट्टीतून टोकाकडे जातो आणि ही पट्टी चाप ओढल्यावरच वर येते. ही सोय त्या काळी अपवादात्मक होती. दंडगोल गंजून अडकला असेल, तर तो हातोडीने वा तेल ओतून सोडविण्याचा प्रयत्न न करता परवानाधारक शस्त्रविक्रेता किंवा पोलीस यांच्याकडून शस्त्र रिकामे करवून घ्यावे. ‘चालते की नाही’ हे पाहण्यासाठी रिकामा चाप ओढल्यानेही जुनी पट्टीवजा स्प्रिंग तुटते किंवा आघात-टोक मोडते.

ओळखीची साधने : ओळख पटविताना प्रथम रचना, मग अक्षरे, मग मुद्रा व शेवटी मोजमापे असा क्रम ठेवणे सोयीचे असते.

(१) रचना : काही रिव्हॉल्व्हरांचा सांगाडा अखंड असतो व दंडगोल मधला दांडा काढून बाहेर घ्यावा लागतो. स्वस्त शस्त्रांत ही रचना नेहमी दिसते. दुसऱ्या प्रकारात माथ्यावरील खिटी उचलताच नळी व दंडगोल पुढे वाकतात आणि मधली तारकाकृती चकती रिकामी नळकांडी एकदम बाहेर ढकलते. स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये मोठ्या शस्त्रांसाठी आणलेली ही रचना पुढे खिशातील शस्त्रांत सर्वाधिक लोकप्रिय झाली. चापाभोवती संरक्षक कडे नसून चाप सांगाड्यातून केवळ कोंबासारखा डोकावत असेल, तर ते शस्त्र बहुधा १८७० ते १८९० या काळातील असते. घोडा पूर्णपणे आत झाकलेली रचना स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये आणली. खिशातून काढताना कापडात अडकू नये हा तिचा हेतू. चाप दुमडून पोटाखाली बसत असेल आणि काडतूस बारीक व लांब असेल, तर ते ‘व्हेलोडॉग’ या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच-बेल्जियन शस्त्र असण्याचा संभव असतो. सायकलस्वारांना पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून ते विकले जाई. दंडगोलाच्या मागील कडेवर प्रत्येक कोठीला बारीक खाच असेल, तर ते बाजूस छोटा खिळा असलेल्या, आता अप्रचलित झालेल्या काडतुसाचे शस्त्र होय.

(२) अक्षरे व अनुक्रमांक : नळीच्या माथ्यावरील पट्टीवर निर्मात्याचे नाव, गाव व एकस्वांच्या तारखा असतात. एकस्वाची तारीख ही निर्मितीची तारीख नव्हे. तिच्यावरून शस्त्र त्यापूर्वीचे नाही एवढेच सिद्ध होते, आणि तीच तारीख पुढे वीस-वीस वर्षे छापली जात असे. अनुक्रमांक मुठीच्या तळाशी किंवा मुठीवरील फळ्यांखाली असतो. चांगल्या कारखान्यांच्या शस्त्रांत तोच अंक दंडगोलाच्या मागे व नळीच्या खिटीजवळही सापडतो. सर्व अंक जुळल्यास शस्त्राचे भाग मूळचे आहेत असे समजतात. मुठीवरील काळ्या कठीण रबराच्या फळ्यांवरही खुणा असतात. स्मिथ अँड वेसनची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरे, आयव्हर जॉन्सनचे घुबडाचे मुख व हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचे गोळ्यांची छिद्रे असलेले लक्ष्य या खुणा नेहमीच्या होत. फळ्या मात्र सहज बदलता येतात, म्हणून केवळ त्यांवरून निर्णय करू नये.

(३) चाचणी-मुद्रा : इंग्‍लंड व बेल्जियममध्ये प्रत्येक शस्त्र विक्रीपूर्वी अधिक दाबाच्या काडतुसाने तपासून त्यावर मुद्रा ठोकण्याची सक्ती होती. लंडन व बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांच्या मुद्रांत मुकुट व अक्षरे असतात. लीएझची मुद्रा लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे व त्यांखाली तारा अशी असून १८९३ पासून लंबवर्तुळावर मुकुट आला. त्यामुळे मुकुट नसलेली मुद्रा १८९३ पूर्वीचे शस्त्र सूचित करते. परदेशी शस्त्र इंग्‍लंडमधून पुढे गेले असल्यास १९२५ नंतर त्यावर ते इंग्रजी बनावटीचे नसल्याची सूचना ठोकली जाई. अमेरिकेत अशी सरकारी चाचणी नव्हती. म्हणून अमेरिकन शस्त्रावर मुद्रा नसणे हा दोष नसून, असणे हा ते युरोपमार्गे आल्याचा पुरावा ठरतो.

(४) अंतर्व्यास व काडतूस : खिशातील शस्त्रांत ०·३२ व ०·३८ इंच हे अंतर्व्यास सर्वाधिक आढळतात. नावातील अंक व प्रत्यक्ष माप यांत फरक असतो. ०·३८ स्मिथ अँड वेसन काडतुसाची गोळी सु. ०·३६ इंच व्यासाची असते आणि ‘०·३८ स्पेशल’ हे नंतरचे काडतूस त्याहून लांब, बारीक व जोरकस असते. म्हणून कोठीचे माप वर्नियर कॅलिपरने घेऊन ते काडतुसाच्या प्रमाणमापांशी ताडून पाहतात. काडतूस घालून पाहण्याची पद्धत त्याज्य होय.

दारूचा प्रश्न : १८९० पूर्वीची बहुतेक सर्व खिसा-रिव्हॉल्व्हरे व नंतरचीही पुष्कळशी काळ्या दारूसाठी बनविलेली आहेत. धूमरहित दारू अधिक दाब निर्माण करते व जुने दंडगोल तो सहन करतीलच असे नाही. आयव्हर जॉन्सनने आपल्या शस्त्रांची धूमरहित दारूसाठी मजबूत केलेली आवृत्ती १९०९ च्या सुमारास आणली. ०·३२ अंतर्व्यासाची लांब रिव्हॉल्व्हर-काडतुसे भारतात परवानाधारकांसाठी तयार होतात व खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे (स्थापना १८६९) नाव त्यांच्याशी निगडित आहे. ही काडतुसे आखूड ०·३२ काडतुसासाठी बनविलेल्या काही जुन्या दंडगोलांतही शिरतात. परंतु काडतूस शिरले म्हणजे ते जुळले, असे होत नाही. मूल्यनिर्धारणासाठी जुने शस्त्र झाडून पाहण्याची काहीच आवश्यकता नसते.

मुलाम्याची परीक्षा : निकेलाची छटा किंचित पिवळसर व उबदार असते, तर क्रोमियमाची निळसर व आरशासारखी. क्रोमियम विलेपन १९२० नंतरच्या दशकातच व्यापारी प्रमाणावर आल्यामुळे १८९० च्या शस्त्रावरील क्रोमियम हा निःसंशय नंतरचा मुलामा होय. मूळ निकेल व नंतर दिलेले निकेल यांतील भेद सूक्ष्म असतो. पुन्हा मुलामा देण्यापूर्वी पृष्ठभाग घासावा लागतो. त्यामुळे सांगाड्याच्या कडा गोलावतात, अक्षरे उथळ होतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि गंजाचे जुने खड्डे नव्या मुलाम्याखाली झाकलेले दिसतात. मूळ मुलाम्याखाली खड्डे नसतात, तर तो जिथे उडाला आहे तिथे खड्डे असतात. स्मिथ अँड वेसनच्या मूळ निकेल शस्त्रांत घोडा व चाप यांवर निकेल नसून पोलादाच्या पृष्ठकठिणीकरणामुळे आलेले चित्रविचित्र रंग असतात, आणि माथा उघडणाऱ्या शस्त्रांत चापाचे कडे निळसर असते. असे शस्त्र घोड्याचापासकट एकसारखे पांढरे चमकत असेल, तर त्याला पुन्हा मुलामा दिला आहे असे समजावे.

निकेल सच्छिद्र असते. पुण्यातील जून ते सप्टेंबरची दमट हवा छिद्रांतून आत जाते, मुलाम्याखाली गंज धरतो व शेवटी पापुद्रे सुटतात. कातडी म्यानात ठेवलेले शस्त्र विशेष लवकर बिघडते, कारण कमावलेल्या कातड्यातील आम्ले व ओलावा धातूला चिकटून राहतात. म्हणून म्यान व शस्त्र नेहमी वेगळे ठेवतात. साफसफाईसाठी मऊ सुती कापड व हलके खनिज तेल पुरेसे असते. भांडी घासण्याची भुकटी, पॉलिश कागद, चिंच वा लिंबू यांचा वापर टाळावा. अमोनियायुक्त द्रावणे निकेलाखालील तांब्याच्या थरावर क्रिया करून मुलामा सोडवितात, म्हणून तीही वर्ज्य होत. विरलेला मूळ मुलामा हा नव्या, चकचकीत मुलाम्यापेक्षा नेहमीच अधिक मोलाचा असतो.

कायदेशीर स्थिती : भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ३ नुसार कोणतेही अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. कलम ४५ मध्ये अप्रचलित घाटाच्या, पुरावस्तू म्हणून मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगी नसतील तरच. खिशातील जुने रिव्हॉल्व्हर बहुधा एखादी स्प्रिंग बदलून चालू होण्याजोगे असते. म्हणून ‘शंभर वर्षांचे आहे’ एवढ्यावर ते परवान्यातून सुटत नाही. अमेरिकेत मात्र १८९९ पूर्वी बनलेले शस्त्र केवळ वयामुळे पुरावस्तू गणले जाते, आणि परदेशी संग्राहकांची पुस्तके वाचणाऱ्या वारसांचा गोंधळ होतो तो येथेच.

अंतर्व्यासालाही कायद्यात महत्त्व आहे. ०·३८० किंवा ०·४५५ इंची लष्करी काडतूस ज्यात बसते व उडते, अशी रिव्हॉल्व्हरे भारतीय शस्त्र नियमांत सर्वसाधारण परवान्याच्या कक्षेबाहेरील वर्गात येतात. ब्रिटिश लष्कराचे ०·३८० काडतूस हे ०·३८ स्मिथ अँड वेसन काडतुसावरच आधारलेले असल्याने त्या मापाचे निरुपद्रवी दिसणारे खिसा-रिव्हॉल्व्हरही या वर्गात जाऊ शकते. ०·३२ इंची शस्त्राबाबत ही अडचण नसते. दोन सारख्या दिसणाऱ्या शस्त्रांच्या भारतातील किंमतीत मोठे अंतर पडण्याचे हे एक कारण होय.

कलम ८ नुसार अग्निशस्त्रावरील निर्मात्याचे नाव, अंक वा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे वा बदलणे हा गुन्हा आहे आणि अशी चिन्हे नसलेले शस्त्र विकता वा हस्तांतरित करता येत नाही. निनावी बेल्जियन शस्त्रांबाबत हा मुद्दा अडचणीचा ठरतो. पुन्हा मुलामा देताना घासून गेलेल्या अक्षरांबाबतही हा प्रश्न उद्‍भवतो, म्हणजे जी कृती मूल्य घटविते तीच मालकाला कायद्याच्या अडचणीतही आणू शकते.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वा अन्य कारणाने ताबा बेकायदेशीर झाल्यास कलम २१ नुसार शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला, वारसाहक्काने आलेली धरूनही, दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. शस्त्र पेटीत सापडल्यावर प्रथम मूल्यमापकाकडे किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन जाणे हा चुकीचा क्रम होय. परवान्याविना त्याची ने-आण करणेच गुन्हा ठरू शकते. योग्य मार्ग म्हणजे शस्त्र जागेवरच ठेवून पोलीस ठाण्यास लेखी कळविणे, जमा केल्याची पावती घेणे व तीत अनुक्रमांक नोंदवून घेणे हा होय. या पावतीमुळे पुढील हक्क शाबूत राहतो.

याखेरीज पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात असून किमान शंभर वर्षे जुन्या वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकतात. अशा वस्तूंची खाजगी निर्यात करता येत नाही व त्यांच्या व्यापारास स्वतंत्र परवाना लागतो. मुठीच्या फळ्या हस्तिदंती असल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याच्या पुढील दुरुस्त्या लागू होतात आणि हस्तिदंताची विक्री निषिद्ध ठरते. परदेशात किंमत वाढविणारी हस्तिदंती मूठ भारतात विक्रीच थांबविते. म्हणून फळ्या हस्तिदंताच्या, हाडाच्या की कृत्रिम द्रव्याच्या आहेत, हे प्रारंभीच तपासावे लागते.

मूल्यनिर्धारणाची तत्त्वे : एकाच रिव्हॉल्व्हराला दोन वेगळी मूल्ये असू शकतात. पहिले संग्राह्य वस्तू म्हणून व दुसरे परवान्यावर वापरता येणारे शस्त्र म्हणून. अमेरिकेत हॅरिंग्टन अँड रिचर्डसन किंवा आयव्हर जॉन्सन यांची नेहमीची निकेल रिव्हॉल्व्हरे लक्षावधींच्या संख्येने बनली असल्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही ती सामान्यतः काही शे डॉलरांच्या आतच मिळतात. जुनेपण व दुर्मिळता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते. भारतात १९८० नंतरच्या दशकात खाजगी आयातीवर कडक निर्बंध आल्याने चालू स्थितीतील, परवान्यावर हस्तांतरित होऊ शकणाऱ्या परदेशी शस्त्रांच्या किंमती कृत्रिमरीत्या चढल्या व चांगल्या नावाच्या ०·३२ रिव्हॉल्व्हराची किंमत लाखांच्या घरात गेली. ही किंमत परवान्याच्या बाजाराची आहे, पुरावस्तूच्या गुणवत्तेची नव्हे. ती कागदपत्रे नसलेल्या, मोडक्या किंवा निनावी शस्त्राला लावणे ही नेहमीची चूक होय. ज्या शस्त्राचे कायदेशीर हस्तांतरणच होऊ शकत नाही, त्याची बाजारातील किंमत शून्य मानावी लागते, मग त्याची कारागिरी कितीही सुबक असो.

संग्राह्य मूल्य ठरविताना पुढील बाबींचा क्रमाने विचार होतो : निर्माता व नमुना, त्या नमुन्याची उत्पादनसंख्या, भागांचे मूळपण व अंकांची जुळणी, मूळ मुलाम्याचे शिल्लक प्रमाण, नळीतील सर्पिल चऱ्यांची अवस्था, यंत्रणेची स्थिती, मूळ पेटी वा म्यान आणि शेवटी मालकीचा इतिहास. एकाच नमुन्याची तीन शस्त्रे कल्पून हे स्पष्ट करता येईल. पहिल्याचा सत्तर टक्के मूळ मुलामा शिल्लक असून सर्व अंक जुळतात. दुसऱ्याला पूर्ण नवा मुलामा दिला आहे. तिसऱ्याचा मुलामा जवळजवळ गेला आहे, पण त्याच्यासोबत मूळ बिल, जुने परवाना-पुस्तक व पहिल्या मालकाचे नाव असलेली पेटी आहे. अनभिज्ञ ग्राहक दुसऱ्याला पसंती देतो. जाणकार पहिल्याला दुसऱ्याहून वरचे मोल देतो आणि तिसऱ्यातील मालक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असल्यास ते पहिल्यालाही मागे टाकते.

मालकीच्या इतिहासाचे सामर्थ्य एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफालो येथे अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेले ०·३२ इंची आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हर मारेकऱ्याने साडेचार डॉलरांस विकत घेतले होते. त्याच घाटाची शस्त्रे आजही सामान्य किंमतीची आहेत, पण ते एक मात्र बफालोच्या इतिहास संग्रहालयात जतन केलेले आहे. फरक धातूत वा मुलाम्यात नसून जप्तीपासून संग्रहालयापर्यंतच्या अखंड नोंदीत आहे. पुण्यातील एखाद्या घराण्याच्या शस्त्राबाबतही हाच निकष लावावा लागतो. तोंडी परंपरा ही शोधाची दिशा देते, पुरावा देत नाही. जुने परवाने, परवाना-पुस्तकातील अनुक्रमांक, बिले, पत्रव्यवहार, छायाचित्रे, न्यायालयीन कागद व पुराभिलेखागारातील नोंदी यांतील अनुक्रमांक शस्त्रावरील अंकाशी जुळला, तरच परंपरेला मूल्य प्राप्त होते. स्मिथ अँड वेसनच्या शस्त्रांबाबत कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून शस्त्र केव्हा, कोणत्या मुलाम्यात व कोणाकडे रवाना झाले याचे पत्र मिळू शकते. मुलामा मूळचा निकेलाचाच होता काय, याचा तो सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.

मूल्यमापनाचा अहवाल लेखी असावा. त्यात शस्त्राच्या दोन्ही बाजूंची व सर्व मुद्रांची छायाचित्रे, मापे, वजन, अनुक्रमांक, दोषांची यादी, कायदेशीर स्थिती, मूल्यमापनाचा दिनांक व हेतू यांची नोंद करतात. वाटणी, विमा, विक्री व संग्रहालयास दान यांसाठीची मूल्ये वेगळी असू शकतात. तुलनेसाठी विक्रेत्यांनी मागितलेल्या किंमती न घेता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किंमती घ्याव्या लागतात, आणि परदेशी लिलावातील आकडा केवळ चलन बदलून भारतात लावता येत नाही.

जतन व विल्हेवाट : परवाना मिळणे शक्य नसल्यास कुटुंबापुढे परवानाधारक विक्रेत्यामार्फत पात्र व्यक्तीस विक्री, संग्रहालयास दान किंवा शासनाकडे समर्पण हे मार्ग राहतात. शस्त्र कायमचे निकामी करून ठेवण्याचा विचार पुष्कळदा पुढे येतो. परंतु नळी बुजविणे वा दंडगोल कापणे हे अपरिवर्तनीय असते, त्यामुळे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय व वस्तूची ओळख पूर्ण होण्याआधी ते करू नये. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्था नित्याच्या वापरातील वस्तूंमधून समाजाचा इतिहास कसा उलगडतो हे दाखवितात. छावणीचे शहर, परवान्यांची पद्धत, आयात मालाचा व्यापार व मध्यमवर्गीयांची सुरक्षिततेची कल्पना यांची साक्ष एखादे साधे निकेल रिव्हॉल्व्हरही देऊ शकते. त्यासाठी शस्त्र अभ्यासकाच्या हाती पोहोचेपर्यंत त्यावरील अक्षरे व मुद्रा शाबूत असणे आणि त्याच्यासोबतचे कागद त्याच्यापासून वेगळे न होणे आवश्यक असते.